शाळेसाठी लॅन कार्ड : एका खोलीतल्या जाळ्याचा इतिहास

समजा, मालवण किनाऱ्यावरच्या एखाद्या माध्यमिक शाळेला एकवीस जुने संगणक देणगी म्हणून मिळाले. एका संगणकावर धडे, चित्रे, चित्रफिती साठवायच्या आणि उरलेल्या वीस संगणकांवर मुलांनी त्या पाहायच्या, असा शिक्षकांचा बेत आहे. त्यासाठी संगणक एकमेकांना जोडायला हवेत. दुकानदार विचारतो, "लॅन कार्ड कुठले देऊ? शंभरचे की हजारचे?" शाळेजवळ पैसे बेताचेच आहेत. मग काय उत्तर द्यावे?

आकडा मोठा तेवढे कार्ड चांगले, असे पटकन वाटते. पण हे कार्ड मुळात कोणती अडचण सोडवण्यासाठी जन्माला आले ते समजले, तर निवड बरीच सोपी होते. म्हणून आपण थोडे मागे जाऊ.

मासेमारीच्या ट्रॉलरवर वायरलेस संच असतो. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघे एकदम बोलले, तर ऐकणाऱ्याला नुसती खरखर ऐकू येते आणि दोघांचेही बोलणे वाया जाते. सगळ्यांना पाळी लावून देणारा कोणी मुकादम समुद्रावर नसतो. मग एकाच माध्यमातून अनेकांनी बोलायचे कसे?

नेमका हाच प्रश्न हवाई बेटांवर उभा राहिला होता. तिथल्या विद्यापीठाची केंद्रे वेगवेगळ्या बेटांवर होती आणि त्यांना होनोलुलूच्या संगणकाशी रेडिओने जोडायचे होते. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली 'अलोहानेट' सुरू केले. त्याचा नियम अगदी साधा होता : संदेश तयार झाला की पाठवून द्या, मुख्य केंद्राकडून पोच आली नाही, तर टक्कर झाली असे समजा, मग थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवा. किती वेळ थांबायचे ते मात्र प्रत्येकाने यदृच्छेने ठरवायचे. दोघेही सारखाच वेळ थांबले, तर पुन्हा टक्कर होणारच!

ही पद्धत चालली, पण उधळी होती. गणित केले तर माध्यमाची जास्तीत जास्त १८.४ टक्के क्षमताच उपयोगी पडते असे दिसते. (हा आकडा १/२e, म्हणजे नैसर्गिक लॉगरिदमच्या पायाच्या दुपटीचा व्यस्त. बारावीच्या विद्यार्थ्यांना तो पडताळून पाहता येईल.)

अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी अब्रॅमसन यांचे काम वाचले होते. त्या केंद्रात एकेका माणसाच्या टेबलावरचे संगणक तयार होत होते आणि ते सगळे एका लेसर प्रिंटरला जोडायचे होते. २२ मे १९७३ रोजी मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि आपल्या योजनेला 'ईथरनेट' असे नाव दिले. प्रकाशलहरी वाहून नेणारा म्हणून एकोणिसाव्या शतकात मानला गेलेला आणि १८८७ च्या मायकेलसन-मोर्ले प्रयोगात न सापडलेला ईथर, तोच हा. मेटकाफ यांचा 'ईथर' म्हणजे मात्र एक साधी तांब्याची केबल होती. डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर त्यांनी उभारलेल्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता.

अलोहाच्या नियमात त्यांनी दोन गोष्टी वाढवल्या. पहिली : बोलण्याआधी ऐका, केबलवर कोणी बोलत असेल तर थांबा. दुसरी : बोलतानाही ऐकत राहा, टक्कर झाली तर लगेच गप्प बसा. पहिल्या टक्करीनंतर कार्ड शून्य किंवा एक ठोका थांबते. दुसऱ्या टक्करीनंतर शून्य ते तीन, तिसऱ्यानंतर शून्य ते सात यांपैकी कितीही. गर्दी जितकी जास्त, तितकी प्रत्येकाची थांबण्याची तयारीही जास्त. सोळा वेळा प्रयत्न फसला की कार्ड प्रयत्न सोडते आणि संगणकाला तसे कळवते.

या ठोक्याची लांबी कशी ठरली, हेही पाहण्यासारखे आहे. १० मेगाबिटच्या ईथरनेटमध्ये सर्वात लहान संदेश ५१२ बिटांचा, म्हणजे ५१.२ मायक्रोसेकंदांचा असतो. केबलमध्ये संकेत सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तेवढ्या वेळात तो सुमारे दहा किलोमीटर जाईल. टक्करीची बातमी मात्र आपले बोलणे संपायच्या आत परत यायला हवी, म्हणून जाऊन-येऊन हिशेब करायचा. वाटेतल्या उपकरणांना लागणारा वेळ त्यातून वजा केला, की जाळ्याची कमाल लांबी अडीच किलोमीटर ठरते. मालवणचा धक्का ते सिंधुदुर्ग किल्ला हे अंतर त्यात सहज बसेल. मालवण ते कुडाळ मात्र बसणार नाही. ईथरनेट मुळात गावांना जोडण्यासाठी नव्हते; ते एका आवारासाठी, एका इमारतीसाठी होते. लॅन म्हणजे स्थानिक जाळे, ते याच अर्थाने.

हे सारे ऐकणे, थांबणे, बोलणे करणारी वस्तू म्हणजेच लॅन कार्ड. मेटकाफ यांनी १९७९ साली थ्रीकॉम ही कंपनी काढली. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १० मेगाबिट ईथरनेटचा आराखडा खुला केला. १९८२ साली थ्रीकॉमने आयबीएम पीसीत बसणारे कार्ड विकायला काढले. प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा स्वतःचा क्रमांक मिळाला. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक मावतात. त्यातला पहिला अर्धा भाग उत्पादकाची ओळख सांगतो आणि उरलेला त्या कार्डाची.

ईथरनेटला प्रतिस्पर्धी होता. १९८५ साली आयबीएमने 'टोकन रिंग' आणले. त्यात एक परवाना संगणकांमध्ये हातोहात फिरे आणि तो ज्याच्याकडे असेल त्यानेच बोलायचे. टक्कर होण्याचा प्रश्नच नाही! शिस्तीच्या दृष्टीने ही पद्धत अधिक नेटकी होती, पण तिची कार्डे महाग होती. याउलट ईथरनेटचा आराखडा खुला होता. जाळ्याचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या नोव्हेल कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'एनई २०००' हे साधे कार्ड बाजारात आणले. तैवानमधल्या कारखान्यांनी त्याच्या असंख्य नकला केल्या आणि किंमत घसरत गेली. नेटकेपणावर स्वस्ताईने मात केली ती अशी.

महाराष्ट्रात ही गोष्ट दोन टोकांना दिसते. १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याच्या पहिल्या आठ संस्थांमध्ये मुंबईची आयआयटी आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. पुढे १९९८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने 'परम १०,०००' हा महासंगणक बांधला. बाजारात १०० मेगाबिटची कार्डे मिळत असताना तिथल्या अभियंत्यांनी 'परमनेट' नावाचे ४०० मेगाबिटचे स्वतःचे जाळे घडवले. कशासाठी? महासंगणकाचे प्रोसेसर एकच गणित वाटून घेतात आणि सतत एकमेकांच्या उत्तरांची वाट पाहतात. तिथे संदेश किती मोठा यापेक्षा तो किती लवकर पोचला, याला महत्त्व असते.

दुसरे टोक आपल्या परिचयाचे आहे. २००१ साली एमकेसीएलने एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याची केंद्रे तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचली. एका खोलीत जोडलेले संगणक अनेकांनी प्रथम पाहिले ते तिथे. त्या खोल्यांना परमनेटची गरज नव्हती. त्यांना स्वस्त, टिकाऊ आणि सहज बदलता येईल असे कार्ड हवे होते.

दरम्यान टक्करींचा प्रश्नही मागे पडत चालला होता. आधी एकच केबल सर्व संगणकांजवळून जाई. ती एका ठिकाणी सुटली की सगळे जाळे बंद! १९९० पासून पिळाच्या तारा आल्या आणि प्रत्येक संगणकापासून मधल्या हबपर्यंत वेगळी तार गेली. त्याच वर्षी 'कल्पना' असे आपल्याला ओळखीचे वाटणारे नाव असलेल्या अमेरिकी कंपनीने पहिला ईथरनेट स्विच आणला. स्विच संदेश ज्याचा त्यालाच देतो. १०० मेगाबिटचे मानक १९९५ मध्ये आले आणि पिळाच्या तारेवरचे १००० मेगाबिटचे १९९९ मध्ये.

आता दुकानदाराला उत्तर देऊ. आपल्या शाळेत वीस जण एकाच मुख्य संगणकाकडून चित्रफीत मागणार आहेत. मुख्य संगणकात १०० चे कार्ड असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ मेगाबिट येतात. साध्या चित्रफितीला ते जेमतेम पुरतील. तिथे १००० चे कार्ड घातले तर वाटा ५० होतो. मुलांच्या संगणकांत मात्र १०० चे कार्ड चालेल. म्हणजे वेगवान कार्ड एकच हवे, पण ते योग्य जागी हवे. शिवाय स्विचचे निदान एक तोंड १००० चे असले पाहिजे. नाहीतर तो खर्च फुकट जाईल.

कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसणार तेही पाहावे. जुना पीसीआय मार्ग सेकंदाला १३३ मेगाबाइट वाहतो आणि तो इतर कार्डांनाही वाटून द्यावा लागतो. १००० मेगाबिट म्हणजे १२५ मेगाबाइट. जेमतेम जागा! पीसीआय एक्सप्रेसच्या सर्वात छोट्या स्लॉटमध्येही प्रत्येक दिशेला २५० मेगाबाइट मिळतात. आणि त्याही आधी संगणकाची मागची बाजू पाहावी. बऱ्याच मदरबोर्डांवर लॅनचे तोंड आधीच असते. ते चालत असेल तर कार्ड घ्यायचेच कशाला?

किनाऱ्यावर आणखी दोन शत्रू आहेत. खारी हवा सोन्याच्या पातळ मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत पोचते आणि संपर्क बिघडवते. म्हणून एक-दोन स्वस्त कार्डे बंद पिशवीत राखून ठेवणे हे एका महाग कार्डापेक्षा शहाणपणाचे. दुसरा शत्रू म्हणजे वीज. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात, तेव्हा दोन इमारतींमधल्या तांब्याच्या तारेतून झटका थेट कार्डापर्यंत येतो. इमारतींमध्ये काचतंतू वापरावा, किंवा पावसाचे ढग दिसताच तारा काढून ठेवाव्यात.

बिनतारी वायफाय का नको, असे कोणी विचारील. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती रेडिओलहरी बऱ्याच शोषून घेतात आणि एका खोलीतली वीस यंत्रे पुन्हा एकाच हवेत बोलू लागतात. म्हणजे अलोहाचीच अडचण पुन्हा समोर येते.

शेवटी एक गोष्ट निवडीपेक्षाही महत्त्वाची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्याला झोडपले, तेव्हा वीज आणि फोन दोन्ही कोलमडले. बाहेरची तार तुटली तर इंटरनेट जाते, पण खोलीतले जाळे तुटत नाही. वीज परत आली की इंटरनेटची वाट न पाहता धडे पुन्हा सुरू होऊ शकतात; अट एवढीच, की ते शाळेतल्या मुख्य संगणकावर साठवलेले असले पाहिजेत.

वर्गात करून पाहा : मुलांना डोळे मिटून, पाळी न ठरवता, एक ते वीस मोजायला सांगा. प्रत्येक आकडा कोणीही एकाने म्हणायचा. दोघे एकदम बोलले तर पहिल्यापासून सुरुवात. मग नियम बदला : ज्यांची टक्कर झाली त्यांनी फासा टाकायचा, जितके दान पडेल तितक्या टाळ्या थांबायचे आणि तोच आकडा पुन्हा म्हणायचा. दोन्ही खेळांना किती वेळ लागला ते फळ्यावर लिहा. लॅन कार्ड काय करते ते मुलांना त्या दोन आकड्यांवरून समजेल.