औषधाचा नेम

गळू, केसतोड, काळपुळी ही दुखणी आपल्या आज्या-पणज्यांना चांगली ठाऊक होती. पोटीस बांधायचं, पिकलं की फोडायचं, पू निघून गेला तर बरं. पण पू आत आत पसरत गेला, तर धडधाकट माणूससुद्धा बघता बघता जायचा. डॉक्टरच्या हातातही तेव्हा फारसं काही नव्हतं.

असल्या दुखण्यांमागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. त्याच्यावर हुकमी औषध मिळालं ते पेनिसिलिन. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या दवाखान्यात ॲल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते टोचलं. चेहरा चिघळलेला, एक डोळा काढून टाकलेला. औषध सुरू झालं तसा ताप उतरला, माणूस जेवायला लागला. आणि औषधच संपलं! त्याच्या लघवीतून उतरलेलं पेनिसिलिन गोळा करून पुन्हा टोचलं, तेही पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला.

त्या काळी हे औषध चिनी मातीच्या भांड्यांत बुरशी वाढवून थेंबाथेंबानं काढत. त्या कामावर सहा मुली होत्या. पुढे एथेल फ्लोरी या डॉक्टर बाईंनी रुग्णांना ते देऊन किती द्यायचं, किती दिवस द्यायचं हे बसवलं. अशा १८७ रुग्णांची हकिकत १९४३ साली छापून आली.

महायुद्ध संपलं आणि पेनिसिलिन मुबलक झालं. मुबलक झालं की हात सैल सुटतो. लंडनच्या हॅमरस्मिथ दवाखान्यात मेरी बार्बर या डॉक्टर बाई जंतू तपासत होत्या. १९४६ साली शंभरातले १४ स्टॅफिलोकोकस पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४८ मध्ये ते ५९ झाले! हे जंतू औषध मोडून टाकणारा रस स्वतःच तयार करतात. औषधानं साधे जंतू मरायचे, हे चिवट तेवढे उरायचे, आणि हाता-कपड्यांवरून शेजारच्या खाटेवर जायचे.

मग मेथिसिलिन हे नवं औषध निघालं. ते येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच पॅट्रिशिया जेव्हन्स या संशोधक बाईंनी पाच हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यात तीन जंतू मेथिसिलिनलाही न जुमानणारे निघाले. ही गोष्ट १९६१ सालची. तीनच, म्हणून कोणी सोडून दिलं असतं. त्यांनी ते छापलं. आज डॉक्टर ज्याला एमआरएसए म्हणतात, तो हाच.

मेरी बार्बर मात्र मोजून थांबल्या नाहीत. त्यांनी दवाखान्याला जणू नेमच घालून दिला. पेनिसिलिन ऊठसूट द्यायचं नाही, बाकीची औषधं एकेकटी न देता जोडीनं द्यायची, एकाचा जंतू दुसऱ्याला लागू द्यायचा नाही. १९६० साली त्यांनी दाखवून दिलं की चिवट जंतूंचं प्रमाण खाली आलं आहे. आपल्याकडे चातुर्मासात बायका नेम घेतात. एखादी वस्तू घरात असूनही सोडायची, हे आपल्याला नवं नाही. त्या दवाखान्यानंही हेच केलं, आणि गुण आला.

नवी औषधंही येत राहिली. शिरेतून द्यायचं व्हँकोमायसिन १९५८ पासून आहे, २००० साली लिनेझोलिड आलं, २००३ मध्ये डॅप्टोमायसिन. शस्त्रक्रियेची जखम चिघळली, साखरेच्या रुग्णाचा पाय सडू लागला, की आज डॉक्टर यांतलं काही देतात. पण आधी पू काढावाच लागतो. तेवढं आजीचं खरंच होतं.

आपल्या देशात पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागलं. ते गरिबाच्याही हाती आलं, हे भाग्यच. पण आता कपाटात मागच्या दुखण्याच्या चार गोळ्या असतात, आणि शेजारणीच्या गळवाला त्या आपणच काढून देतो. तिचा जंतू कुठला, तिला औषध कुठलं लागू पडेल, हे आपल्याला कुठं ठाऊक? दान आपल्याला शोभतं, पण हे नको. तिला डॉक्टरकडे घेऊन जावं.