पिवळ्या घेवड्याचं पेटंट

परवा वाघ्या घेवड्याचं बी निवडायला बसलो होतो. पोत्यावर पसरायचं, चांगल्या पट्ट्याचं एकीकडं, भुरकट दुसरीकडं. सगळा भरवसा डोळ्यावर. तेव्हा ही गोष्ट आठवली.

१९९४ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या एका बियाणेवाल्यानं मेक्सिकोत मिसळ घेवड्याची पिशवी घेतली. त्यातलं पिवळं बी वेचून घरी पेरलं, दरसाल पिवळंच निवडत गेला. म्हणजे आपण करतो तेच की! १९९९ ला त्याला 'एनोला' नावानं त्यावर पेटंट मिळालं. मग मेक्सिकोचा पिवळा घेवडा आणणाऱ्या व्यापाऱ्यांकडं त्यानं पौंडामागं सहा सेंट मागितले, काहींना कोर्टात खेचलं. व्यापारी कचरले आणि तिकडच्या शेतकऱ्याचा माल अडला.

कोलंबियातल्या 'सियाट' या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रानं २००० च्या डिसेंबरात पेटंटला हरकत घेतली. पण दोन पिवळे दाणे एकच वाण आहेत हे सिद्ध कसं करायचं? रंग तर कुणाचाही जुळतो. इथं डीएनए मार्कर कामाला आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल गेप्ट्स यांच्या चमूनं घेवड्याचे ५६ नमुने तपासले. डीएनएचे ठरावीक जागी तुकडे करायचे, त्यातले निवडक वाढवायचे, लांबीप्रमाणं वेगळे करायचे. पट्ट्यांची एक नक्षी मिळते, तोच वाणाचा ठसा. घेवडा बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळं शुद्ध वाणाचा ठसा पिढ्यान् पिढ्या टिकतो. एनोलाचा ठसा मेक्सिकोच्याच 'अझुफ्राडो पेरुआनो ८७' शी जुळला. अझुफ्राडो म्हणजे गंधकी रंगाचा. २००४ ला हे छापून आलं.

हीच युक्ती संकर तपासायलाही चालते. आईत नसलेली बापाची पट्टी रोपात दिसली तर संकर साधला. नाहीतर आपण चिमट्यानं पराग लावत बसलो आणि फूल आधीच स्वतःवर फळलेलं, असं होतं. बियाण्यात भेसळ असली तर परकी पट्टी तशीच उघडी पडते.

निकाल मात्र नुसत्या ठशावर लागला नाही. पिवळं बी निवडून पेरत राहणं हे कुणाही जाणकाराला सुचण्यासारखं आहे, त्यात नवा शोध कसला, असं ठरलं. २००८ ला पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळानं दावे फेटाळले, २००९ च्या जुलैत कोर्टानंही तेच कायम केलं. तोवर पेटंट मिळून दहा वर्षं झाली होती.