"हे कोन होय भाऊ?"

काही वर्षांपूर्वी आठ मार्चच्या पुरवणीचं एक पान माझ्याकडे होतं. बातमी हरभरा सोंगणाऱ्या बायांची. त्यांचे फोटोही होते. पण "पानावर उठून दिसत नाहीत" म्हणत मीच ते बाजूला ठेवले आणि नेटवरची एक गोरी, सडपातळ, हसरी मॉडेल लावली. पेपर पाहून त्यातली एक बाई म्हणाली, "हे कोन होय भाऊ? आमच्या वावरात त नव्हती."

बुलडाण्यात हे व्हावं, याची लाज जास्त वाटते. याच गावच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रं समस्त बायकांना नावं ठेवत होती. ताराबाईंनी त्यांना जाब विचारला. नाटकं-कादंबऱ्यांत मनाला येईल तशी बाई रंगवणाऱ्या पुरुषांनाही सोडलं नाही.

पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. गोरा रंग, भरलेला बांधा. देवघरातला हा चेहरा कॅलेंडरवर आला, जाहिरातीतही आला. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली. २०२० मध्ये तिच्या नावातलं 'फेअर' गेलं. एवढ्या वर्षांत भरलेला बांधा जाऊन सडपातळ आला, पण गोरेपणा काही सुटला नाही.

याला वेगळं उत्तर चित्रकार बायांनी दिलं. नागपूरजवळच्या बेल्यात जन्मलेल्या बी. प्रभा यांनी कोळणी आणि कष्टकरी बाया रंगवल्या. बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी २००० ते २००४ दरम्यान क्लेअर आर्नी यांच्यासोबत एक फोटोमालिका केली. त्यात त्या स्वतःच रविवर्म्याची लक्ष्मी होऊन उभ्या राहिल्या. साज तोच, पण आत खरीखुरी बाई. ते पाहिलं की कळतं, सौंदर्य म्हणून आपण जे पाहत आलो तो एक साचा आहे, कुणीतरी बनवलेला.

आणि तो रोज चालू ठेवणारे आम्हीच. पेपरवाले, बॅनरवाले, नवरीचा चेहरा उजळ करणारे फोटोवाले.

येत्या आठ मार्चला माझ्या पानावर वावरातल्याच बाया असतील. तुमच्याकडे फोटो असतील तर त्यांना विचारून पाठवा. फक्त चेहरा उजळ करू नका.