केन्सिंग्टनचा राजा आणि त्याची प्रजा

टोरांटो शहरातल्या केन्सिंग्टन मार्केट ह्या जुन्या पेठेत बेलव्ह्यू स्क्वेअर नावाचे एक छोटे उद्यान आहे. तेथे २००२ साली एक ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला. तो कोणा सेनापतीचा वा पंतप्रधानाचा नाही. अ‍ॅल वॅक्समन ह्या नटाचा आहे. वॅक्समन २००१च्या जानेवारीत वारले. पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांच्या पोटी १९३५ साली टोरांटोतच त्यांचा जन्म झाला होता. पुढे अमेरिकी दूरचित्रवाणीवरही त्यांनी नाव मिळवले, परंतु पेठेने त्यांचा पुतळा उभारला तो मुख्यतः एकाच भूमिकेसाठी. 'किंग ऑफ केन्सिंग्टन' ह्या विनोदी मालिकेत त्यांनी लॅरी किंग नावाचा किरकोळ दुकानदार रंगवला होता.

एका काल्पनिक दुकानदाराची आठवण त्याच्या खऱ्याखुऱ्या पेठेने अशी जपावी, हे विचार करण्याजोगे आहे. स्वतःची ओळख सांगण्यासाठी त्या पेठेला ह्या मालिकेचा आधार का वाटला, आणि त्या ओळखीत कोण सामावले व कोण बाहेर राहिले, हे पाहणे हा ह्या लेखाचा हेतू.

सप्टेंबर १९७५ ते मार्च १९८० ह्या काळात सीबीसी ह्या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीने ही मालिका दाखवली. तिचे जनक पेरी रोझमंड. लॅरी किंग हा ज्यू. त्याची बायको कॅथी सधन, प्रोटेस्टंट, इंग्रजी वळणाच्या घरातली. आणि घरात लॅरीची आई ग्लॅडिस, जिला ही सून मनापासून कधी पटलेली नाही. लॅरीच्या मित्रमंडळींत कृष्णवर्णीय नेस्टर, इटालियन आडनावाचा ड्यूक झारो आणि वयस्क मॅक्स. दुकान म्हणजे अर्थातच सगळ्यांच्या येण्याजाण्याची जागा. कोणाची नोकरी गेली, कोणाचे घरमालकाशी वाजले, की लॅरी मध्ये पडतो, गोंधळ वाढवतो, आणि शेवटी कसाबसा निस्तरतो. चित्रीकरण स्टुडिओत, समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या साक्षीने होई. शीर्षकदृश्यात मात्र लॅरी खऱ्या केन्सिंग्टन मार्केटमधून, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत चालत जातो. ज्या देशात पडद्यावरचे हसू बहुधा सरहद्दीपलीकडून येई, तेथे ही घरची मालिका भरभराटीच्या काळात दर आठवड्याला १५ लाखांहून अधिक लोक पाहात.

मालिकेचे वेगळेपण कळण्यासाठी तिच्या आधीच्या दोन मालिकांकडे पाहावे लागते. बीबीसीच्या 'टिल डेथ अस डू पार्ट' ह्या मालिकेत जॉनी स्पेट ह्यांनी अ‍ॅल्फ गार्नेट हा लंडनच्या वॉपिंग भागातला तोंडाळ, परद्वेष्टा म्हातारा निर्माण केला. त्याचाच अमेरिकी अवतार म्हणजे नॉर्मन लिअर ह्यांच्या 'ऑल इन द फॅमिली'तला आर्ची बंकर. ही मालिका जानेवारी १९७१मध्ये सुरू झाली आणि सलग पाच हंगाम लोकप्रियतेत अव्वल राहिली. दोन्हींची युक्ती एकच : द्वेष्ट्याला मध्यभागी बसवायचे, त्याला मनसोक्त बोलू द्यायचे, आणि त्याच्याच तोंडून त्याचे हसे करायचे.

ही युक्ती किती साधली? नील विडमार आणि मिल्टन रोकीच ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली आर्चीच्या प्रेक्षकांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकी किशोरवयीन मुलांबरोबर कॅनडातले प्रौढही होते. ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक, त्यांना आर्ची हास्यास्पद वाटण्याऐवजी आपला वाटण्याकडे कल होता, असे त्यात दिसून आले. म्हणजे उपहास ज्याच्यावर करायचा, तोच तो टाळ्या वाजवून स्वीकारत होता. ह्या पार्श्वभूमीवर द्वेष्ट्याऐवजी सलोखा करणाऱ्याला नायक करणे, हा रोझमंड ह्यांचा मार्ग भाबडा खचितच नव्हता. लॅरी किंगला आपले मानून कोणी परद्वेष शिकण्याची भीती नव्हती.

शिवाय हा नायक कॅनडाच्या तत्कालीन राजकारणाशीही जुळणारा होता. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर ट्रूडो ह्यांनी संसदेत बहुसांस्कृतिकतेचे धोरण जाहीर केले. देशाच्या अधिकृत भाषा दोन असतील, पण अधिकृत संस्कृती कोणतीच नसेल, हे त्याचे सूत्र. चारच वर्षांनी लॅरीच्या दुकानाचे दार उघडले. सरकारी निवेदनात जे अमूर्त होते, त्याला येथे एक स्थूल, हसतमुख देह मिळाला. मालिका धोरणाच्या प्रचारासाठी काढली होती असे नव्हे. पण देशाला स्वतःविषयी जे ऐकायला आवडू लागले होते, ते ती सांगत होती, एवढे निश्चित.

आता खरी पेठ. एकोणिसाव्या शतकात ही जमीन डेनिसन घराण्याची जहागीरवजा मालमत्ता होती. पुढे तिचे लहान लहान तुकडे पडले, आणि इंग्रजी नावांच्या अरुंद रस्त्यांवर कामकऱ्यांची घरे उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व युरोपातून आलेले ज्यू येथे स्थिरावले. त्यांनी घरांच्या पुढच्या अंगणात फळ्या टाकून मासे, कोंबड्या, भाजीपाला विकायला सुरुवात केली. बाजार झाला तो असा, घराच्या पायरीवर. १९२७ साली पूर्ण झालेले कीव्हर सिनेगॉग आणि १९३०चे मिन्स्कवाल्यांचे सिनेगॉग ही त्या काळाची आजही उभी असलेली साक्ष. कीव्ह आणि मिन्स्क ही मागे सोडलेली गावे नव्या गावात देवळांच्या नावांतून उरली.

हा शेजार आपोआप सुखाचा झाला नाही. १६ ऑगस्ट १९३३ रोजी जवळच्याच क्रिस्टी पिट्स मैदानावर बेसबॉलच्या सामन्यानंतर स्वस्तिकाचे फडके फडकावण्यात आले. हे चिन्ह आपल्याकडे मंगलाचे असले, तरी तेथे ते हिटलरचे होते. मग तासन्‌तास दंगल चालली. ज्यू तरुणांच्या बाजूने त्या रात्री इटालियन तरुण उतरले होते. लॅरी आणि ड्यूक ह्यांच्या पडद्यावरच्या दोस्तीमागे असा एक रक्ताळलेला इतिहास होता. मालिकेला तो सांगायचा नव्हता. पण तो घडला नसता तर ती दोस्ती इतकी सहज वाटली नसती.

युद्धानंतर ज्यू कुटुंबे हळूहळू उत्तरेकडच्या ऐसपैस वस्त्यांकडे सरकली. त्यांच्या जागी पोर्तुगीज आले, १९५६च्या उठावानंतर हंगेरियन आले, मग कॅरिबियन बेटांवरचे आणि चिनी लोक आले. म्हणजे १९७५ साली लॅरीने दुकान उघडले, तेव्हा त्याच्यासारख्यांची बरीच मोठी पिढी पेठ सोडून गेली होती. मालिका वर्तमानकाळातली म्हणून पाहिली जाई; तिच्या मध्यभागी मात्र मावळत्या पेठेची आठवण होती. आणि पेठ टिकली होती तीसुद्धा कोणा एका राजामुळे नव्हे. १९६०च्या दशकात शहराच्या नूतनीकरणाच्या योजना ह्या घरांवर टपून होत्या. शेजारच्या स्पडायना रस्त्याच्या मार्गाने एक द्रुतगती महामार्ग शहराच्या पोटात उतरणार होता. नागरिकांच्या मोठ्या आंदोलनानंतर ३ जून १९७१ रोजी ओंटारिओचे मुख्यमंत्री बिल डेव्हिस ह्यांनी तो रद्द केला.

पडद्यावर हे काम एकटा लॅरी करतो. सलोखा ही एका भल्या माणसाच्या स्वभावाची देणगी ठरते. सभा, अर्ज, मोर्चे, भाडेकरूंची एकजूट ह्यांचे ते फळ राहात नाही. मालिकेची खरी मर्यादा मला येथे दिसते. प्रजेत नेस्टर आहे, ड्यूक आहे; पण त्यांची सुखदुःखे बहुधा राजाच्या गल्ल्यासमोर येऊनच आपल्याला कळतात.

ह्या मर्यादेची किंमत कोणाला द्यावी लागली, हे पाहायला पेठेबाहेर पडावे लागते. १९६७मध्ये कॅनडाने वंशाऐवजी शिक्षण व कौशल्य मोजणारी गुणपद्धती आणली, आणि भारतातून येणाऱ्यांना दार उघडले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेले हजारो भारतीय वंशाचे लोक कॅनडात आले. त्याच वर्षी टोरांटोच्या जेरार्ड रस्त्यावर नाझ चित्रपटगृहात हिंदी सिनेमे लागू लागले, आणि त्याभोवती भारतीय दुकानांचा एक नवा बाजार जमला. केन्सिंग्टनमध्ये पन्नास वर्षांपूर्वी घडले होते तेच येथे पुन्हा घडत होते, आणि दुर्दैवाने १९३३चीही पुनरावृत्ती होत होती. १९७६-७७च्या हिवाळ्यात टोरांटोच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर टांझानियाहून आलेल्या एका भारतीय वंशाच्या गृहस्थाला तरुणांनी मारहाण केली आणि त्यांचे पाय मोडले. अशा हल्ल्यांची चौकशी करून वॉल्टर पिटमन ह्यांनी १९७७च्या नोव्हेंबरात अहवाल दिला. त्याच्या नावाचा अर्थच 'अजून वेळ गेलेली नाही' असा होता. त्या हिवाळ्यातही लॅरी दर आठवड्याला शीर्षकदृश्यात हसत हसत पेठेतून चालत होताच.

ह्याचा दोष एका विनोदी मालिकेवर टाकणे अन्यायाचे होईल. तिने खोटे सांगितले नाही. जे साधले होते ते तिने सांगितले, आणि कसे साधले ते सांगितले नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटले की हा देश मुळातच असा आहे. फलाटावर मार खाणाऱ्याला मात्र ठाऊक होते की तो तसा करावा लागतो, आणि दर नव्या पिढीला पुन्हा करावा लागतो.

२००६ साली केन्सिंग्टन मार्केट राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले. वॅक्समन ह्यांचा पुतळा तेथे आहे हे योग्यच आहे. फक्त त्याच्यापुढे उभे राहताना, अंगणात फळी टाकून पहिल्यांदा मासे विकायला बसलेल्या अनाम बाईची आठवण ठेवावी. राज्य तिने उभारले होते.