अध्यापक-प्रशिक्षण आणि तंत्रज्ञान : मध्य प्रदेशातील दोन प्रयोग

अध्यापनातील तंत्रज्ञानाचा विचार करताना मध्य प्रदेशातील दोन प्रयोग अभ्यासनीय ठरतात. १९७५-७६ मध्ये 'साइट' उपक्रमाने अमेरिकेच्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचविले. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षणही दिले. वर्षाची मुदत संपताच उपग्रह हलविण्यात आला. तत्पूर्वी, १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत साध्या प्रयोगपेटीने विज्ञान शिकविणे सुरू झाले. येथे शिक्षक प्रशिक्षणात स्वतः प्रयोग करीत आणि मासिक बैठकांत अडचणी मांडीत. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेने हे कार्य पुढे चालविले. २००२ मध्ये शासनाने ते बंद केले. दोन्ही उपक्रम वर्गाबाहेरच्या निर्णयांनी थांबले. साधन जाते, शिक्षकाच्या हाती आलेले कौशल्य मात्र राहते. म्हणून प्रशिक्षणात यंत्राआधी शिक्षकाचा विचार व्हावा.