नभोवाणी आणि दुसरी बाजू



वर्गात दोन मुलांचे भांडण झाले, म्हणजे त्यांतला एक जण धावत शिक्षकाकडे येतो. त्याची हकीकत ऐकताना ती अगदी खरी वाटते. दुसऱ्याला बोलावून विचारले, की ती वाटली तितकी सरळ नव्हती हे ध्यानात येते. दुसऱ्याचे ऐकल्यावाचून निवाडा करू नये, हा शिक्षकाचा पहिला धडा. हाच धडा राज्यकर्त्यांनी नभोवाणीच्या बाबतीत गिरवावयास फार काळ लागला. त्या विलंबाची किंमत आपल्या हैदराबाद शहराने चांगलीच अनुभवलेली आहे.

या शहरातील नभोवाणी प्रथम खासगी प्रयत्नातून निघाली आणि १९३५ साली निजाम सरकारने ती आपल्या हाती घेतली. तोच ‘दख्खन रेडिओ’. पुढे औरंगाबादेसही संस्थानाचे केंद्र झाले. त्या काळी संस्थानातील निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी होती, सुमारे चतुर्थांश मराठी बोलणारी होती, आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. नभोवाणीवर उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कानडी कार्यक्रमही होत असत. भाषा चार होत्या. बाजू मात्र एकच होती, आणि ती सरकारची होती.

दुसरी बाजू शहरात नव्हतीच, असे मात्र कोणी समजू नये. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान हे संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे निर्भयपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात त्यांची निर्घृण हत्या झाली. ज्या मताला सरकारी ध्वनिक्षेपकापुढे जागा नव्हती, त्या मताला अखेर रस्त्यावरही जागा उरली नाही. नभोवाणीच्या एकतर्फीपणाने ही हत्या घडविली, असे मी म्हणणार नाही. परंतु विरुद्ध मत म्हणजे द्रोह, ही शिकवण जेथे रोज कानांवर पडते, तेथे असल्या कृत्यांना भूमी तयार होते, हे नाकारता येणार नाही.

पुढच्याच महिन्यात, १३ सप्टेंबर रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबर रोजी पंतप्रधान मीर लायक अली यांनी आपल्या मंत्रिमंडळाचा राजीनामा नभोवाणीवरून जाहीर केला, आणि त्याच दिवशी खुद्द निजामांनी त्याच नभोवाणीवरून युद्धबंदी घोषित केली. काल जे अढळ सत्य म्हणून सांगितले जात होते, ते आज एका दिवसात फिरले. आजवर एकच बाजू ऐकलेल्या सामान्य श्रोत्याची त्या संध्याकाळी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी.

रझाकारांच्या जुलमातून प्रजा सुटली, ही गोष्ट इतिहासाने मान्य केली आहे. पण त्यानंतर जे घडले, तेही इतिहासच आहे. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने, पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा अंदाज नोंदविला. उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले मराठी जिल्हे सर्वाधिक झळ लागलेल्यांत होते. तो अहवाल अनेक दशके जनतेपुढे आला नाही. मालक बदलला तरी दुसरी बाजू झाकण्याचा मोह बदलत नाही, हा यातील बोध होय.

१ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद व औरंगाबाद ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली. स्वतंत्र भारतातही नभोवाणी सरकारचीच राहिली. १९६७ नंतर अनेक राज्यांत निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली, आणि नभोवाणीवर कोणी काय बोलावे हा प्रश्न तीव्र झाला. त्या काळातील आकाशवाणीच्या आचारसंहितेने कोणत्याही पक्षावर नाव घेऊन हल्ला करू नये, धर्म वा जमातीची निंदा करू नये, हिंसेला चिथावणी देऊ नये, असे निर्बंध घातले. हे निर्बंध अनाठायी नव्हते. परंतु सर्वांना सारखेच गप्प बसविणे म्हणजे समतोल नव्हे. समतोल म्हणजे सर्वांना सारखे बोलू देणे. आणीबाणीच्या अनुभवानंतर, १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर आपली बाजू मांडण्यासाठी वेळ मिळाला, तेव्हा या दुसऱ्या अर्थाला आरंभ झाला.

अमेरिकेत हे तत्त्व १९४९ सालीच नियमात आले होते. वादग्रस्त प्रश्नांवर भिन्न मतांना वाव द्यावा, असे बंधन तेथील नभोवाणी केंद्रांवर होते. १९८७ साली ते रद्द झाले. आपल्याकडे उलट घडले. १९९० साली संसदेने प्रसार भारतीचा कायदा केला आणि १९९७ साली तो अमलात आला. स्वतःच्या कोणत्याही मताचा पुरस्कार न करता, परस्परविरोधी मतांसह माहिती न्याय्य व समतोल रीतीने द्यावी, असे कर्तव्य त्यात लिहिले गेले. त्यापूर्वी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्णय दिला होता. तो लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, याचा मराठी माणसास अभिमान वाटावा.

या विचाराचे एक लहानसे फळ आपल्या शेजारीच आहे. जहीराबादजवळच्या माचनूर गावी १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. तो दलित शेतकरी स्त्रिया चालवितात. बियाणे, पीकपाणी आणि आपले प्रश्न त्या आपल्या बोलीत मांडतात. एके काळी जो मुलूख ऐकण्यापुरताच होता, तो आज बोलतो आहे.

तरीही केवळ कायद्याच्या शब्दांवर विसंबून चालणार नाही. कायदा दुसऱ्या बाजूस ध्वनिक्षेपकापुढे उभे करू शकतो. ती ऐकून घेण्याचे बळ श्रोत्याच्या ठायी असावे लागते. उद्या एखादी हकीकत ऐकून आपला संताप अनावर होईल, तेव्हा क्षणभर थांबून विचारावे : दुसरा मुलगा कोठे आहे? त्याला कोणी बोलावले आहे काय?