तोफगोळ्याची वाट : वहीतली आणि हवेतली

अकरावीला प्रक्षेप्य गतीचा धडा आला की मुलं सूत्रं पाठ करतात. उत्तर बरोबर येतं, पण ते कुठवर खरं मानायचं, हा प्रश्न राहून जातो. तोफखान्यात तो सोडून चालत नाही. तिथं गोळा आपल्याच पायदळाच्या डोक्यावरून जातो. पल्ला चुकला तर आपलीच माणसं जातात.

१५३१ मध्ये इटलीतल्या वेरोना शहरात एका गोलंदाजानं गणिती तार्तालियाला विचारलं, तोफेची नळी किती उचलली की गोळा सर्वांत लांब जाईल? तार्तालिया म्हणाला, ४५ अंश. हे त्यानं १५३७ मध्ये पुस्तकात छापलं. मात्र गोळ्याची वाट त्यानं आधी सरळ, मग वळणदार आणि शेवटी उभी खाली अशी रेखाटली होती.

खरी गाठ गॅलिलिओनं सोडवली. नजरकैदेत असताना १६३८ मध्ये छापून आलेल्या ग्रंथात त्यानं दाखवलं की या एका गतीत दोन गती आहेत. आडवी गती कायम राहते, उभी गती गुरुत्वामुळे बदलते, आणि दोघी एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. दोन्ही मिळून जी वाट होते, तिला आपण अन्वस्त म्हणजे पॅराबोला म्हणतो.

गणित सोडवायची रीतही हीच. समजा ४५ मीटर उंच तटावरून गोळा सेकंदाला २० मीटर वेगानं आडवा सोडला. आधी फक्त खाली पडणं बघा. गुरुत्व त्वरण १० धरलं, तर ४५ मीटर पडायला ३ सेकंद लागतात. आता आडवं बघा. ३ सेकंद गुणिले २०, म्हणजे ६० मीटर. दोन्ही हिशेबांना जोडणारा दुवा एकच, वेळ. ४५ अंशांचं उत्तरही यातूनच निघतं. नळी जास्त उचलली तर गोळा हवेत जास्त वेळ राहतो पण पुढं हळू सरकतो. कमी उचलली तर उलट.

पण हवेचं काय? ते इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सनं मोजलं. त्यानं जड लाकडी ठोकळा लोलकासारखा टांगला, त्यात गोळी झाडली आणि ठोकळा किती झुलला यावरून गोळीचा वेग काढला. तो सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास भरला. सूत्रानं ४५ अंशात पल्ला येतो २५ किलोमीटर. प्रत्यक्षात त्या काळच्या बंदुकीची गोळी याच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नसे. बाकीचं सगळं हवा खाते. रॉबिन्सचं पुस्तक १७४२ चं. तीन वर्षांत थोर गणिती ऑयलरनं त्याचं जर्मन भाषांतर केलं.

हा रॉबिन्स पुढं ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळ सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. कंपनीनं हा किल्ला १६९० मध्ये मराठ्यांकडून विकत घेतला होता. छत्रपती राजाराम महाराज तेव्हा जिंजीला होते.

रॉबिन्सचा धडा १९९९ मध्ये कारगिलला पुन्हा कामी आला. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असते. हवा विरळ, म्हणून विरोध कमी आणि गोळा लांब जातो. सपाटीवरचे पल्ल्याचे तक्ते तिथं जसेच्या तसे चालत नाहीत. गुरुत्व जवळजवळ तेच, सूत्र तेच. फरक पडला तो वहीत सोडून दिलेल्या हवेचा.

तेव्हा पुढच्या भागापर्यंत एक गणित करा. उंची ८० मीटर, आडवा वेग सेकंदाला ३० मीटर. गोळा कुठं पडेल? उत्तराखाली एक ओळ जरूर लिहा, आपण काय काय सोडून दिलं. जय हिंद.